दूधवाल्याची येझदी: काय ठेवलं, काय काढलं

माझ्या येझदी मोटरसायकलला मागं दोन्ही बाजूला लोखंडी आकडे वेल्ड केलेत. दुधाचे कॅन अडकवायला. गाडी ज्यांच्याकडनं घेतली ते पन्हाळ्याच्या बाजूचे काका, त्यांनी आख्खी उमेदीची वर्षं याच गाडीवरनं दूध डेअरीला घातलं, आणि ते आकडे गावातल्याच वेल्डिंगवाल्याकडनं करून घेतले. आता गाडी बघायला जो कोण येतो तो चहा प्यायच्या आधी एकच वाक्य बोलतो, हे पहिलं कापून टाक. का तर कंपनीनं दिलेलं नाही. मी अजून कापलेलं नाही आणि कापणारही नाही. का, ते सांगायला बसलोय, पण ते सांगायचं तर आख्ख्या गाडीचं सांगावं लागेल, त्यामुळं जरा लांबड लागणार.

ज्यांना येझदी म्हणजे फक्त २०२२ मध्ये आलेली नवी गाडी माहितीय त्यांच्यासाठी थोडक्यात. म्हैसूरला आयडियल जावा नावाची कंपनी होती, १९६० ची. चेकोस्लोव्हाकियाच्या जावाचं लायसन्स घेऊन त्यांनी गाड्या काढायला सुरुवात केली, पुढं येझदी हे स्वतःचं नाव लावलं, १९७८ ला रोडकिंग हे मॉडेल आलं आणि १९९६ ला कारखाना बंद पडला. संपलं. आत्ताच्या नव्या जावा-येझदीचं इंजिन फोर स्ट्रोक आणि पाण्यानं थंड होणारं, त्याचा आणि माझ्या गाडीचा नाव सोडून काही संबंध नाही. माझी १९८६ ची रोडकिंग, २४८.५ सीसी, टू स्ट्रोक, एकच सिलेंडर पण सायलेन्सर दोन. बोअर, म्हणजे सिलेंडरची आतली रुंदी, ६५ मिमी आणि स्ट्रोक ७५ मिमी, म्हणजे पिस्टनचा प्रवास लांब, म्हणून खालच्या आरपीएमला ओढ जबरदस्त. दोन कॅन भरलेले आणि मागं एक माणूस घेऊन चढ चढायचा तर अशीच गाडी लागते, टॉप स्पीड कुणाला पाहिजे होतं तिथं.

आणि हिची ती प्रसिद्ध गंमत, किक आणि गिअर एकच दांडा. डाव्या बाजूला. दांडा आत दाबून वर फिरवला की किक, मारून झाली की परत पुढं पाडला की गिअर. शिवाय गिअर टाकताना पायानंच क्लच आपोआप सुटतो, हाताचा क्लच नाही दाबला तरी चालतंय. आजकालच्या पोरांना ही गाडी चालू करायला दिली की ती पहिली पाच मिनिटं नुसती किक शोधत बसतात, फुकटची करमणूक.

गाडी आली तेव्हा इंजिन जाम होतं. बरीच वर्षं गोठ्याच्या कडेला उभी होती, प्लग काढलेला, आणि त्या भोकात कापडाचा बोळा. बोळा होता म्हणून बरं, नाहीतर आत उंदराचा संसार निघाला असता. जाम इंजिनला लोक काय करतात तर दोघंजण गाडी ढकलत नेतात आणि गिअरमध्ये टाकून झटका देतात. अजिबात करू नका. रिंगा गंजून सिलेंडरला चिकटलेल्या असतात, झटक्यात रिंग मोडते आणि तुकडा पोर्टमध्ये अडकून सिलेंडरची वाट लागते. प्लगच्या भोकातनं डिझेल आणि एखादं पातळ तेल निम्मं निम्मं ओतायचं आणि विसरून जायचं. रोज मागचं चाक हातानं जरा पुढं जरा मागं. एक दिवस हलतंय. नाही हललं तरी हरकत नाही, हेड काढून लाकडाचा ठोकळा ठेवून वरनं हळूहळू ठोकायचं, तोही शेवटचा उपाय.

माझं वर्कशॉप म्हणजे घरामागचं पत्र्याचं शेड, पूर्वी तिथं जळण ठेवायचे. एक बाक, एक वाईस, एक ट्यूबलाइट. हत्यारं पाहिजेत म्हणून लोक आधी महागडा सॉकेट सेट घेतात. तो पाहिजेच, पण या गाडीला खरी गरज दोन गोष्टींची, इम्पॅक्ट ड्रायव्हर आणि पुलर. इंजिनच्या कव्हरला सगळे चपटे स्क्रू, आणि चाळीस वर्षांत प्रत्येक मेकॅनिकनं ते छन्नी हातोड्यानं फिरवलेले, डोकी गेलेली. इम्पॅक्ट ड्रायव्हर डोक्यावर ठोकला की तो ठोका आणि फिरणं दोन्ही एकदम होतं, ऐंशी टक्के स्क्रू निघतात. आणि क्रँकवरचं स्प्रॉकेट, डायनामोचं आर्मेचर हे सगळं टेपरवर, म्हणजे निमुळत्या दांड्यावर, घट्ट बसलेलं असतं, ते पुलरशिवाय काढायला गेलात तर क्रँकच वाकवाल. पुलर मी उद्यमनगरात लेथवर करून घेतला, विकतचा शोधत बसण्यापेक्षा स्वस्त पडला. कोल्हापुरात राहायचा हा एक फायदा, कागदावर पेनानं काढून दिलं तरी माणूस वस्तू करून हातात देतो.

आता खरी मजा. गाडी खोलायला लागलो आणि एकेक गोष्ट निघायला लागली. क्लच कव्हरचं गॅस्केट लग्नपत्रिकेचं. खरंच. तेलात भिजून काळं झालेलं, पण उलटं करून उजेडात धरलं तर 'आमच्या येथे श्रीकृपेकरून' एवढं वाचता येत होतं. चेन कव्हरला वॉशरच्या जागी डब्याचा पत्रा कापून लावलेला. पेट्रोल कॉकला सायकलच्या ट्यूबचं रबर. वायरिंगमध्ये घरातल्या लाइटची वायर, पांढरी पिळाची. एका बाजूच्या फूटरेस्टला आख्खा सळईचा तुकडा. आणि इंजिनच्या केसच्या, म्हणजे बाहेरच्या खोक्याच्या, एका कोपऱ्यात चीर गेलेली, तिच्यावर एम-सील थापलेलं आणि वर चंदेरी रंग.

पहिल्यांदा हसायला आलं. मग जसजसं खोलत गेलो तसं लक्षात आलं की या गाडीवर दोन प्रकारची कामं झालीत. एक म्हणजे वेळ मारून न्यायला केलेली, पार्ट मिळत नाही, पैसे नाहीत, सकाळी दूध तर घालायचंय, मग लाव पत्रिका. दुसरी म्हणजे विचार करून केलेली. ते कॅनचे आकडे दुसऱ्यातले. ते नुसते कुठंतरी चिकटवलेले नाहीत, वजन सीटखालच्या पाइपवर न येता शॉकॲब्झॉर्बरच्या वरच्या बोल्टाजवळ येईल असं खाली एक तिरका टेकू दिलाय. ज्यानं केलं त्याला कॅन किती जड असतो आणि खड्ड्यात काय होतं हे पक्कं माहिती होतं. तिथंच माझं ठरलं, वेळ मारून नेलेलं सगळं काढायचं आणि विचार करून केलेलं ठेवायचं. कंपनीचं की बिगर कंपनीचं हा प्रश्नच नाही.

आता इंजिन. इथं हात आखडला नाही. निम्म्याहून जास्त पैसे बाहेरनं अजिबात न दिसणाऱ्या गोष्टींत गेले आणि मला वाटतं तसंच पाहिजे. इन्स्टावर दिसणाऱ्या 'रिस्टोअर' गाड्यांमधल्या कितीतरी गाड्यांना नुसता रंग आणि क्रोम मारलेला असतो, आत तेच जुनं खडखडणारं क्रँक. फोटोत आवाज येत नाही ना.

टू स्ट्रोकचं क्रँक दाबून बसवलेलं असतं, बोल्ट वगैरे काही नाही. कनेक्टिंग रॉडचं मोठं बेअरिंग गेलं की क्रँक प्रेसवर उघडायचं, नवीन रॉड, पिन, बेअरिंग घालून परत दाबायचं आणि मग लेथवर डायल गेज लावून सरळ करायचं, शंभराव्या भागातल्या मिलिमीटरचा खेळ. हे घरी होत नाही, करायला जाऊ पण नका. उद्यमनगरात एक जुने मामा हेच काम करतात, तांब्याच्या हातोडीनं एक ठोका मारतात, गेज बघतात, परत एक ठोका. सिलेंडरचं बोरिंग, म्हणजे झिजलेला सिलेंडर आतनं कापून किंचित मोठा करणं, पण तिथंच केलं. सिलेंडर आधीच एकदा बोअर झालेला होता, आता त्याच्या पुढचा ओव्हरसाइज पिस्टन लागणार होता आणि कंपनीचा जुना पिस्टन शोधायला पुण्याच्या नाना पेठेपासनं बेंगळुरूच्या जेसी रोडपर्यंत फोन झाले. पिस्टन हातात आल्याशिवाय बोरिंगला टाकू नका, पिस्टन मोजूनच सिलेंडर कापतात, उलटं नाही.

मामांना म्हणलं, जरा टाइट बसवा, कॉम्प्रेशन चांगलं मिळंल. त्यांनी चष्म्यावरनं बघितलं.

"टू स्ट्रोक हाय ही. कडक बसवली तर पन्हाळ्याच्या चढाला धरंल, मग येशील परत माझ्याकडंच. कंपनीनं सांगितलंय तेवढी ढील सोडतो, गप बस."

गप बसलो. (धरणं म्हणजे पिस्टन तापून फुगतो आणि सिलेंडरमध्ये अडकतो.) बोरिंग झाल्यावर आणखी एक काम असतं जे बरेच जण करतच नाहीत. टू स्ट्रोकच्या सिलेंडरच्या भिंतीत पोर्टची भोकं असतात, कापल्यावर त्यांच्या कडा ब्लेडसारख्या धारदार होतात. पिस्टनची रिंग दर फेऱ्याला त्यावरनं जाते, अडकली की संपलं. म्हणून त्या कडा बारीक कानस किंवा ग्राइंडिंगच्या दगडानं किंचित मोडायच्या. आणि पिस्टनच्या खाचेत छोटी पिन असते, रिंगचं तोंड तिच्यावरच आलं पाहिजे, म्हणजे रिंग फिरून तोंड पोर्टमध्ये जात नाही. हे घरी करता येतं, फक्त घाई नको.

मग ऑइल सील. माझं मत असं की जुन्या जावा-येझदीबद्दल जेवढ्या तक्रारी असतात त्यातल्या निम्म्या क्रँकच्या दोन सीलांच्या असतात आणि मेकॅनिक बिचारा कार्बोरेटर खोलत बसतो. टू स्ट्रोकमध्ये क्रँककेस हाच पंप असतो, पेट्रोल-हवा आधी तिथं येते, दाबली जाते, मग वर जाते. त्यामुळं तो डबा हवाबंद पाहिजे. उजव्या बाजूचं, डायनामोकडचं सील गेलं की बाहेरची हवा आत ओढली जाते, मिश्रण पातळ होतं, गाडी गरम होते, अॅक्सिलरेटर सोडला तरी आरपीएम खाली येत नाही. डाव्या बाजूचं, क्लचकडचं गेलं तर गिअरबॉक्सचं तेल इंजिन पिऊन टाकतं, मागनं पांढऱ्या धुराचा लोट आणि तेलाची पातळी खाली खाली. धूर म्हणजे तेल जास्त पडतंय असं समजून लोक टूटी (2T, पेट्रोलमध्ये मिसळायचं टू स्ट्रोकचं तेल) कमी करतात आणि मग इंजिन धरतं. सील शंभर-दोनशे रुपयांचं असतं हो. पण बदलायला इंजिन खोलावं लागतं म्हणून कुणी सांगत नाही.

बेअरिंगचं एक सोपंय. बेअरिंगवर नंबर कोरलेला असतो, तो घेऊन कुठल्याही बेअरिंगच्या दुकानात जा, चांगल्या कंपनीचं मागा. 'येझदीचं बेअरिंग द्या' म्हणलात की लोकल डबीतलं मिळतंय. केसमध्ये बेअरिंग बसवायला केस गरम करावी लागते, अॅल्युमिनियम फुगतं, बेअरिंग फ्रीजमध्ये गार करायचं, मग आपोआप आत पडतं, ठोकावं लागत नाही. आईच्या गॅसवर जुना तवा ठेवून त्यावर केस तापवत होतो तर आई आत आली, "काय शिजवायलायस रे ते?" आणि फ्रीज उघडून बघती तर दह्याशेजारी पिशवीत बेअरिंग. तेव्हापासनं मला शेडमध्ये वेगळी शेगडी मिळालीय. फ्रीजचा प्रश्न अजून सुटलेला नाही.

टाकीत गंज इतका होता की हलवली की खुळखुळा वाजायचा. लोक संडास साफ करायचं ॲसिड ओततात, ते गंजाबरोबर पत्रापण खातं आणि मग सोल्डरिंगच्या जागी गळती. मी किराणा दुकानातलं लिंबूसत्व वापरलं, गरम पाण्यात विरघळवून टाकी काठोकाठ भरून ठेवली, मध्ये एकदा बदलली. मोठा गंज आधी सुटा करायला नट टाकून हलवायचे, आणि किती टाकले ते मोजून ठेवायचे, म्हणजे सगळे बाहेर आले का कळतं. मग ओतून खायच्या सोड्याच्या पाण्यानं धुवायची, लगेच वाळवायची आणि वाळल्या वाळल्या पेट्रोलमध्ये भरपूर टूटी घालून आतनं फिरवायची. हे लगेच नाही केलं तर डोळ्यादेखत परत पिवळी पडती.

पेट्रोलचं आता नवीन दुखणं आहे. २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल सगळीकडं झालंय, आणि १९८६ च्या गाडीची रबरं त्या हिशोबानं केलेलीच नाहीत. ती फुगतात, मऊ होतात, पेट्रोल पाइप काही महिन्यांत चिकट. इथेनॉल हवेतलं पाणी पण ओढून घेतं, आमच्याकडचा पावसाळा म्हणजे विचारूच नका. म्हणून पाइप, कॉकचं वॉशर, कार्बोरेटरची सुई असं सगळं इथेनॉलला टिकणारं बघून घातलं आणि एक सवय लावली, चार-सहा आठवडे गाडी काढायची नसेल तर कार्बोरेटरमधलं पेट्रोल संपवूनच उभी करायची. टूटी मी लिटरला ४० मिली घालतो, म्हणजे पंचवीसास एक. हल्लीच्या चांगल्या तेलाला ३० पण पुरतं म्हणतात, असेल, पण नवीन बोरिंगला मी हातचं राखत नाही. पूर्वी पंपावर टूटीचं हातानं मारायचं मशीन असायचं, आता पंपावरचा पोरगा 'टूटी म्हणजे काय' विचारतो, त्यामुळं साइड बॉक्समध्ये बाटली आणि खोकल्याच्या औषधाचं मापाचं टोपण कायम.

आता कस्टम काय केलं ते. ओरिजिनलवाल्या मंडळींनी हा परिच्छेद सोडून द्यावा. मी सहा व्होल्टचा डायनामो काढला आणि बारा व्होल्टचा अल्टरनेटर आणि इलेक्ट्रॉनिक इग्निशनचं किट बसवलं. सहा व्होल्टची हेडलाइट म्हणजे देवघरातली समई, शोभेला छान पण गगनबावड्याच्या धुक्यात तिनं रस्ता दिसत नाही, आणि समोरनं येणाऱ्या एसयूव्हीच्या एलईडीत तर तुम्ही रस्त्यावर आहात हेच कुणाला कळत नाही. ब्रेक लावला की लाइट मंद, हॉर्न वाजवला की इंडिकेटर थांबतो. शिवाय प्लॅटिना पॉइंटचं, म्हणजे प्लगची ठिणगी वेळेवर पाडणाऱ्या जोडीचं, ते सारखं लाड करणं. पॉइंटमधलं अंतर ०.४ मिमी पाहिजे. काका सांगत होते, ते रस्त्यात पोस्टकार्ड दुमडून त्या मापानं पॉइंट लावायचे आणि गाडी चालायची. त्यांचा हात होता, माझा नाही, आणि आता पोस्टकार्ड तरी कुठंय.

पण एक केलं, फ्रेमला किंवा केसला एकही भोक पाडलं नाही. जुना डायनामो, कटआउट, सहा व्होल्टचं हॉर्न सगळं तेल लावून, कागदात गुंडाळून डब्यात ठेवलंय. उद्या माझ्यानंतर कुणाला गाडी परत होती तशी करायची झाली तर एका रविवारात होईल. माझं म्हणणं एवढंच, बदल करा, बिनधास्त करा, पण परत फिरता आलं पाहिजे. कॅफे रेसर, म्हणजे जुन्या रेसिंग गाडीसारखा अवतार, करायचा म्हणून ग्राइंडर घेऊन फ्रेमची शेपटी कापलेल्या येझद्या बघितल्यात मी, चार महिन्यांत हौस फिटली आणि आता ती गाडी धड ही नाही धड ती नाही, कुणी घेईना. कायद्यानं पण जमत नाही ते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीनं दिलेल्या मूळ रचनेत बदल करता येत नाही आणि २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानंपण तेच सांगितलंय. साधा रंग बदलला तरी आरसी बुकात नोंद करून घ्यायला लागते.

मग तुझे आकडे कसे चालतात, असं कुणीतरी विचारणारच. कायद्याच्या काटेकोर नजरेनं बघितलं तर त्यावर वाद होऊ शकतो हे मान्य. पण कॅरिअर हे गाडीचं हाड नाही, फ्रेमचा पाइप कुठं कापलेला नाही, रुंदी हँडलच्या आत आहे. वेल्डिंगच्या जागा मी तारेच्या ब्रशनं घासून, पेट्रोलनं पुसून, वर खडूची पूड लावून बघितल्या, चीर असली तर पेट्रोल झिरपून खडू ओला दिसतो. एका टेकूला केसाएवढी चीर निघाली, ती भरून घेतली. बाकी जसंच्या तसं. तांदळाचं पोतं काय मस्त बसतंय त्यावर, सांगतो तुम्हाला.

सायलेन्सरचं वेगळं सांगायला पाहिजे कारण कॉलनीतली पोरं दर रविवारी येऊन 'दादा जाळी काढा की' म्हणतात. पोरं जिला जाळी म्हणतात ती येझदीच्या सायलेन्सरच्या आतली भोकांची नळी मागनं काढता येते, साफ करायला, कारण टूटीचा कार्बन तिच्यात बसतो आणि भोकं बुजली की गाडी ओढायची थांबते. मी ती नळी शेकोटीत लाल करून कार्बन जाळला, झाडून परत बसवली. काढून ठेवायची नाही. टू स्ट्रोकला व्हॉल्व नसतात, धूर बाहेर जायची वाट उघडी असते तेव्हाच नवीन पेट्रोलपण आत येत असतं आणि त्यातलं थोडं धुराबरोबर बाहेर पळतं. सायलेन्सरमधनं उलट येणारी दाबाची लाट त्याला परत आत ढकलते. आत रिकामा केला की लाट बिघडते, आवाज वाढतो आणि खालची ओढ जाते. म्हणजे आवाजानं आख्खी गल्ली उठती आणि गाडी स्कुटीच्या मागं राहती. आणि पोलीस असले सायलेन्सर गोळा करून त्यावर रोडरोलर फिरवतात ते बघितलं असेलच.

ब्रेकबद्दल फार लिहीत नाही. ड्रमच आहेत, लेथवर ड्रम साफ करून घेतले, नवीन लायनर बसवून ड्रमच्या गोलाईला घासून घेतले, केबल नवीन. तरीपण आजच्या डिस्क ब्रेकच्या गाडीमागं चिकटून चालवायची ही गाडी नाही, अंतर ठेवायचं. रिमचा आउट, म्हणजे चाकाचा वाकडेपणा, काढायला मात्र अनुभवी माणसाकडंच द्या, तारा ओढायचं काम बघायला सोपं दिसतं आणि करायला गेलं की रिमचा पापड होतो.

रंग मारला नाही. टाकीचा मरून रंग गुडघ्याच्या जागी घासून आतला प्रायमर दिसतोय, तो एका माणसाच्या गुडघ्यांनी घासलाय, तो मी का झाकू. फक्त जिथं गंज पत्र्यात शिरला होता, मडगार्डच्या आतनं, तिथं घासून प्रायमर आणि काळा मारला. नवीन क्रोम फक्त सायलेन्सरला, कारण ते सडले होते. हे बघून एक मित्र म्हणला, एवढे पैसे घातलेस आणि गाडी जुनीच दिसती. जुनीच आहे ना पण.

आरटीओ. आमची गाडी एमएच येण्याच्या आधीच्या सिरीजची, तीन अक्षरी नंबर, म्हणजे ऑनलाइन टाकला की रेकॉर्ड सापडत नाही. आधी जुन्या रजिस्टरमधनं बॅकलॉग एंट्री, म्हणजे जुनी नोंद कॉम्प्युटरवर चढवणं, करून घ्यावी लागते, मग नावावर करणं, मग पासिंग. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी रजिस्ट्रेशन वाढवून घ्यावं लागतं, त्याबरोबर पर्यावरण कर. पीयूसीची मला धास्ती होती, पण ३१ मार्च २००० च्या आधीच्या दुचाकीला मर्यादा सैल आहे, कार्बन मोनॉक्साइड साडेचार टक्के, आणि सील-बोरिंग नीट असेल तर येझदी त्यात आरामात बसती. नाही बसली तर ते मशीन तुम्हाला फुकटात सांगतंय की कार्बोरेटर बघा. कागद पूर्ण नसलेली गाडी स्वस्त मिळती म्हणून घेऊ नका एवढं मात्र नक्की ऐका, इंजिन कसंही दुरुस्त होतं, हरवलेल्या मालकाची सही होत नाही.

एचएसआरपीनं, म्हणजे नव्या हाय सिक्युरिटी नंबर प्लेटनं, वेगळाच प्रश्न काढला. जुन्या गाडीला पुढच्या मडगार्डवर लांबट उभी पट्टी असते, दोन्ही बाजूंनी नंबर रंगवलेला. नवीन पुढची प्लेट २८५ बाय ४५ मिमी, आडवी, ती त्या पट्टीवर बसणार कशी. फिटिंगवाला पोरगा मडगार्डला भोक पाडायला ड्रिल घेऊन आलाच होता, त्याला थांबवलं. हेडलाइटच्या खालच्या दोन बोल्टांवर पट्टीची क्लॅम्प करून तिथं लावली. मडगार्डवरची जुनी पट्टी काढून डायनामोच्या डब्यात.

आता गाडी चालतीय. रनिंग-इन, म्हणजे नवीन पिस्टन-सिलेंडर एकमेकांत बसायचा काळ, संपेपर्यंत पन्नासच्या पुढं नेली नाही, मध्ये मध्ये थांबून प्लग काढून बघायचा, कोको पावडरसारखा तपकिरी आला की बरोबर, पांढरा आला की जेट (कार्बोरेटरमधलं पेट्रोल सोडणारं बारीक भोक) वाढवा, काळा ओला आला की कमी करा. माझा सध्या किंचित काळ्याकडं आहे, तो तसाच ठेवणार पहिल्या पावसाळ्यापर्यंत. जोतिबाचा चढ दुसऱ्या गिअरला न कुरकुरता चढली, मामांना जाऊन सांगितलं तर म्हणाले, "मग? आणि काय करणार होती?"

काम उरलंय ते असं. स्पीडोमीटरची केबल फिरते पण काटा थरथरतो, तो आत तेल सुकल्यामुळं असणार, उघडून बघायचाय. सीटचा फोम बदलायचाय, रेक्झिन मात्र जुन्या शिलाईचंच करून देणारा शिंपी शोधतोय. क्लच गार असताना जरा चिकटतो, सकाळी पहिला गिअर टाकताना झटका देतो, कॉर्कच्या प्लेटा बदलाव्या लागतील असं दिसतंय. आणि डाव्या साइड बॉक्सचं कंपनीचं लॉक पाहिजे. लोकल दोन आणून बघितली, दोन्ही चावी न लावता उघडतात. कुणाकडं जुन्या सामानात पडलं असेल, चावी नसली तरी चालेल, चावी मी उद्यमनगरात करून घेईन, तर कळवा. त्याच्या बदल्यात माझ्याकडं एक जादा ओरिजिनल हँडल लिव्हरची जोडी आहे, ती देतो.